मदत हवी आहे: लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलायची आहे, बजेट अगदी कमी

जुना लॅपटॉप आहे. आय३ चौथी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची ५४०० आरपीएम हार्ड डिस्क, विंडोज १०. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसते आणि मधूनच सगळं गोठतं. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) पिवळा 'कॉशन' दाखवतो: ०५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर) समोर शून्य, सी५ समोर ३०, सी७ समोर शून्य. सुमारे १४० जीबी भरलेली आहे, बॅकअप नाही.

तशीच हार्ड डिस्क घ्यावी की एसएसडी (फिरते भाग नसलेला, चिपवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह)? वापरलेली चालेल का? क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करावं की विंडोज नव्याने इन्स्टॉल? आणि डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे जुनी डिस्क बसवता येईल का? काम घरीच करायचं आहे.

प्रतिसाद १

आधी डेटा, मग खरेदी. सी५ म्हणजे डिस्कला वाचता न आलेले, निकाल न लागलेले सेक्टर (डेटा ठेवायचे छोटे कप्पे). क्रिस्टलडिस्कइन्फो हा आकडा हेक्समध्ये (१६ च्या पायावर) दाखवतो, त्यामुळे तुमचे ३० म्हणजे प्रत्यक्षात ४८. सी७ (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) शून्य आहे, म्हणजे संशय केबल किंवा कनेक्टरवर नाही, डिस्कवरच आहे.

चेकडिस्क (डिस्क तपासणी), डीफ्रॅग (फाइल्सची फेरमांडणी) यांपैकी काहीही आत्ता चालवू नका. दोन्हींत डिस्कला सगळीकडे फिरावं लागतं आणि मरणाऱ्या डिस्कला तेच झेपत नाही. कॉपी करताना क्रम ठेवा: कागदपत्रं आणि स्वतःचे फोटो आधी, ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड त्यानंतर, परत डाउनलोड होणाऱ्या गोष्टी शेवटी. साधी कॉपी-पेस्ट खराब सेक्टरवर अडकते. रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपीची कमांड) वापरा, पण त्यात 'आर' (किती वेळा प्रयत्न) १ आणि 'डब्ल्यू' (मध्ये किती सेकंद थांबायचं) १ द्यायला विसरू नका. न दिल्यास तो एकेका फाइलसाठी दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, प्रयत्न करत राहतो.

डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला तर लगेच बंद करा. त्यापुढे घरगुती उपाय नाहीत. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुठे वाचलात तर तो पाळू नका. आत दव धरतं.

प्रतिसाद २

खरेदीबद्दल. या मशीनला २.५ इंची साटा (तुमच्या हार्ड डिस्कचाच कनेक्टर) एसएसडी, २४० किंवा २५६ जीबी, बस्स. (२५६ जीबीवर विंडोज २३८ दाखवेल, ती फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.) एनव्हीएमई एम.२ कार्ड (पट्टीसारखी वेगळ्या कनेक्टरची एसएसडी) स्वस्त दिसलं म्हणून घेऊ नका, ते २.५ इंची साटाच्या जागी बसत नाही. नवी हार्ड डिस्क घेणं मला पैसे वाया घालवणं वाटतं. विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फाइल्स वाचते, आणि दर वेळी हार्ड डिस्कचा हात हलावा लागतो. तुमचं गोठणं काही अंशी खराब सेक्टरमुळे आहे, काही अंशी या हलण्यामुळे.

वापरलेली हार्ड डिस्क अजिबात नको. वापरलेली एसएसडी चालेल, पण आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हेल्थ टक्के आणि एकूण लिखाण पाहा, मग एच२टेस्टडब्ल्यू या क्षमता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. खोट्या क्षमतेच्या ड्राइव्हवर लिहिताना काही कळत नाही, परत वाचताना चुका निघतात. अविश्वसनीय स्वस्त १ किंवा २ टीबीची 'एसएसडी' दिसली तर तिथेच थांबा.

दुसरी वस्तू यूएसबी-साटा केबल, काढलेली डिस्क बाहेरून जोडायला. २.५ इंची डिस्क यूएसबीच्या विजेवरच चालते, वेगळा अडॅप्टर लागत नाही.

प्रतिसाद ३

बसवण्याबद्दल: शिफ्ट दाबून शटडाउन करा, म्हणजे फास्ट स्टार्टअपशिवाय (लवकर सुरू होण्यासाठी अर्धवट बंद होण्याच्या सोयीशिवाय) पूर्ण बंद होईल. चार्जर काढा, बॅटरी काढा (आतली असेल तर झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी तिचा कनेक्टर), मग पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा.

स्क्रू बहुधा पीएच० किंवा पीएच१ (फुलीच्या खाचेचे लहान आकार). झाकण हलत नसेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू रबरी पायाखाली किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या मागे राहिलेला असतो. कागदावर लॅपटॉपचा आकार काढा आणि प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर वरच्या बाजूला कीबोर्डपाशी फुगवटा येतो.

डिस्क कनेक्टरपासून आडवी सरकवून काढा, वर उचलून नाही. सपाट रिबन केबल असेल तर तिच्या कनेक्टरची पट्टी नखाने अलगद उघडा. धातूची चौकट जुन्या डिस्कवरून काढून नव्या ड्राइव्हला लावा, ती नव्याबरोबर मिळत नाही. जुनी डिस्क ९.५ मिमी जाडीची असेल आणि चौकट नसेल, तर ७ मिमीच्या एसएसडीखाली २.५ मिमीचा स्पेसर लागतो. नाहीतर ती डगमगते आणि कनेक्टर सैल होतो.

धागाकर्ता

कॉपी सुरू केली आहे. क्लोन आणि डीव्हीडीच्या जागेबद्दल कोणी सांगेल का?

प्रतिसाद १

क्लोन नको. क्लोनझिला (क्लोन करायचं फुकट सॉफ्टवेअर) ५०० जीबीवरून लहान ड्राइव्हवर सरळ उतरत नाही, आधी पार्टिशन (डिस्कचा विभाग) लहान करावं लागतं, आणि ते करताना याच आजारी डिस्कवर डेटा हलवला जातो. शिवाय खराब सेक्टरमधली सिस्टिम फाइल तशीच नव्या ड्राइव्हवर येईल.

दुसऱ्या संगणकावर ८ जीबीचा पेनड्राइव्ह बूटेबल करा, म्हणजे त्यावरून लॅपटॉप सुरू करून इन्स्टॉल करता येईल. बायोसमध्ये (सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड 'एएचसीआय' ठेवा. इन्स्टॉल करताना जुनी डिस्क जोडलेली नको, नाहीतर बूटलोडर (विंडोज सुरू करणारा भाग) तिच्यावर जाऊ शकतो. विंडोजचा डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, डिस्क बदलल्याने तो जात नाही. की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' निवडून पूर्वीचीच आवृत्ती घ्या.

मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि चौथ्या पिढीचा आय३ विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. विंडोजचंच एखादं सॉफ्टवेअर अनिवार्य नसेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घाला. फुकट आहे आणि ४ जीबीत नीट चालते.

डीव्हीडीच्या जागी कॅडी (२.५ इंची डिस्क धरणारी चौकट) बसते (९.५ किंवा १२.७ मिमी, ड्राइव्हची जाडी मोजून घ्या), पण ही डिस्क तिथे नको. पूर्ण फॉरमॅट केल्यावर सी५ कदाचित शून्यावर येईल आणि ०५ वाढेल, किंवा दोन्ही शून्य दिसतील. तरी तिच्यावर भरवसा ठेवू नका. कॉपी केलेल्या फाइल्स उघडून पाहीपर्यंत मात्र ती पुसू नका.