जुनी गाडी मिसिंग मारते आणि एक दिवस चालूच होत नाही: तुमचे अनुभव सांगा

बाबांनी १९८७ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी अजून आमच्या दारात आहे. गेल्या जुलैत चढावर मिसिंग मारायला (मध्येच एखादा सिलिंडर न पेटता इंजिन अडखळायला) लागली, सिग्नलला थरथरायची, आणि एका सकाळी सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारून मारून बॅटरी उतरली तरी उठली नाही. मी प्लग बदलले, कंडेन्सर बदलला, सीबी पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) पॉलिश पेपरने घासले. काही उपयोग नाही. शेवटी शेजारचे काका म्हणाले, "रात्री बॉनेट उघड आणि अंगणातला दिवा बंद कर." मुलाला सेल्फ मारायला बसवलं. अंधारात डेल्कोच्या, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, टोपीवरून निळी ठिणगी सरपटत गेलेली दिसली. टोपी काढून आतून पुसली, तर मधल्या टोकापासून तीन नंबरच्या टोकापर्यंत पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ. हवेतली ओल त्या रेघेवर बसली की करंट प्लगकडे जायच्या ऐवजी तिथूनच निसटायचा. दुपारी ऊन पडलं की टोपी सुकायची, त्यामुळे मेकॅनिक यायचा तेव्हा गाडी एका सेल्फला चालू!

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की गाडी कशी बंद पडली यातच निम्मं उत्तर असतं. चालता चालता झटकन बंद पडली तर आधी करंट बघा. गचके खात, दम तोडत थांबली तर पेट्रोल. म्हणून एक विनंती आहे. नुसतं 'अमुक पार्ट बदलला आणि झालं' असं लिहू नका. बंद पडण्याआधी गाडी कशी वागत होती तेही सांगा.

*

आमची नागपूरची गोष्ट. कार्बोरेटरवाली मारुती ८००, मे महिना, वर्धा रोड. सकाळी मस्त चालायची. चाळीसेक मिनिटं झाली की दोन-चार मिस आणि इंजिन बंद. अर्धा तास बॉनेट उघडून ठेवलं की पुन्हा चालू. जो तो म्हणे, पेट्रोलची वाफ होतेय, गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाका. टाकलं. पुढे पंपही नवा बसवला. रोग तोच. फडक्याने आमची फसवणूक केली, कारण पाणी शोधून फडकं भिजवेपर्यंत अख्खं इंजिनच निवायचं.

मग डिकीत एक जादा प्लग ठेवायला लागलो. पुढच्या वेळी बंद पडली तेव्हा गरम असतानाच तो वायरीला लावला, बाजू इंजिनच्या लोखंडाला टेकवली आणि बायकोला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगीच नाही. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलला हात लावला तर चटका बसला. ओलं फडकं फक्त कॉइलभोवती गुंडाळलं, दहा मिनिटांत निळी ठिणगी टक् टक् यायला लागली. कॉइल बदलली त्याला आता चार उन्हाळे झाले. तपासायचं ते गाडी बंद पडलेली असतानाच. निवल्यावर सगळंच चांगलं दिसतं.

*

माझी त्यामानाने नवी, २००४ ची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी), तीन सिलिंडरची. गणपतीत गावी गेलो, दहा दिवस कोल्हापुरात उभी होती. परत आल्यावर चालू झाली, पण स्टेअरिंग थरथरत होतं आणि ॲक्सिलेटर दिला की नुसती गुदमरायची. दोन दिवसांनी तेही बंद. प्लग काढून बघितले. माझ्या मते घरच्या घरी करता येणारी ही सगळ्यात चांगली तपासणी आहे. सेल्फ मारूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी नाही. माझे तिन्ही कोरडे ठणठणीत! वायरिंगवरून बोट फिरवत गेले, तर मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली इंजेक्टरच्या वायरी उंदराने कुरतडलेल्या, तांबं उघडं. पहिल्या दिवशी एकच तुटली असणार, म्हणून थरथर. बाकीच्या नंतर गेल्या. टेप गुंडाळून भागवू नका, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवून घ्या.

आणि जुन्या गाड्यांवर चालू इंजिनच्या प्लगच्या टोप्या हाताने उपटून 'कुठला सिलिंडर मेला' हे बघणाऱ्यांनी कृपा करून थांबावं. तिथे हजारो व्होल्ट असतात. इंजिन बंद करा, टोपी काढा, मगच चालू करा, तेही थोडाच वेळ.

*

पद्मिनीवाल्यांसाठी छोटंसं. प्लग बदलताना चारही वायरी एकदम काढू नका. मी काढल्या, लावताना दोन उलटसुलट झाल्या, आणि सेल्फ मारताच कार्बोरेटरमधून फाटकन आवाज आला. ठिणगीचा क्रम १-३-४-२ आहे. एक काढा, एक लावा.

*

आम्ही दुबईत, गाडी फोंड्याला भावाकडे. अकरा महिने उभी. टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा वास जुन्या व्हार्निशसारखा. चोक ओढल्यावर दोन फटके मारायची आणि संपलं. टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला, कार्बोरेटर उघडला. फ्लोटच्या वाटीत पिवळा डिंक आणि तळाशी पाण्याचे थेंब होते, मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बुजलेला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जुने रबरी पाइपही त्याने मऊ पडतात. आता निघताना टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून जातो.

*

साताऱ्यात तीस वर्षं गॅरेज चालवतोय. बॅटरी आधी बघा हो! उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट पाहिजेत, आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाता कामा नयेत. सेल्फ फिरतो म्हणजे बॅटरी चांगली असं नाही. कमजोर बॅटरीचा सगळा जोर सेल्फच खातो, ठिणगीला काही उरत नाही. अशी गाडी धक्क्याला चालू होते, सेल्फला होत नाही. बॅटरीची अर्थची वायर बॉडीला जिथे बोल्टने लावलेली असते तिथला गंज खरवडून बघा, पुष्कळ गाड्या तेवढ्यावर उठतात.

दुसरं, सेल्फचा आवाज ऐका. चांगलं इंजिन सेल्फवर लयीत फिरतं, प्रत्येक सिलिंडरला दाब आला की जरा अडखळतं. मागच्या वर्षी एक गाडी टोचन करून आणली. मालकाने प्लग, कॉइल, पंप सगळं नवीन टाकलेलं. मी एकदाच सेल्फ मारला. गर्रर्र, एका सुरात, पंखा फिरावा तसं हलकं. म्हटलं, दाबच येत नाही, आता चावीला हात लावू नका. पुढचं कव्हर उघडलं, टायमिंगचा पट्टा (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारा) तुटून खाली पडलेला होता.