लक्षद्वीप: एकाच बेटावर पाच दिवस, नाहीतर जाऊच नका

सुकाणू

गेला महिनाभर घरात एक एक्सेल शीट फिरतेय. सहा माणसं, पाच दिवस, चार बेटं: अगत्ती, बंगारम, कदमत, कवरत्ती. मेव्हण्याने बनवलीय, रंगीत आहे, आणि पहाटे साडेपाचपासून रात्री नऊपर्यंत एक रकाना रिकामा नाही. परवा मी ती फाडली. (प्रिंट काढलेली होती म्हणून फाडता आली.) घरात व्हायचं ते झालं, आता इथे मत मांडतो. शिव्या खायची तयारी आहे.

माझं म्हणणं असं: लक्षद्वीपला जायचं तर एकच बेट धरा, पाच दिवस तिथेच राहा, आणि निदान जाताना तरी कोचीहून जहाजाने जा. तेवढी सवड नसेल तर बेत रद्द करा.

सगळ्या ३६ बेटांची मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर, आणि वस्ती फक्त १० बेटांवर. जमिनीवर "बघण्यासारखं" फार नाहीच. बघायचंय ते पाण्याखाली, आणि पाणी आपल्या शीटप्रमाणे वर-खाली होत नाही. ओहोटीला लगूनमध्ये, म्हणजे बेट आणि प्रवाळाचा कडा यांच्यामधल्या उथळ पाण्यात, काही ठिकाणी जेमतेम गुडघाभर पाणी उरतं. तेव्हा मास्क लावून उतरलं तर पोट प्रवाळावर घासतं, आपलंही सोलतं आणि प्रवाळही मोडतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. कुठल्या बेटावर कुठल्या दिवशी भरती कधी, हे मेव्हण्याच्या शीटमध्ये कुठेही नव्हतं. न्याहारीची वेळ मात्र होती.

जहाजाचं म्हणाल तर विमान दीड तासात अगत्तीला टेकतं, जहाजाला १४ ते १८ तास लागतात. त्या तासांत कळतं की इथे तांदूळ, सिमेंट, डिझेल, सगळं एवढं पाणी ओलांडून येतं. मग माणूस बादलीभर पाणी जरा विचार करून वापरतो.

बोला.

भटकभवानी

शीट फाडलीत हे छान केलंत, पण तिच्या जागी जे लिहिलंत तेही शीटच आहे, फक्त एका रकान्याची.

जहाजाचं कौतुक करण्याआधी एक सांगा, घरात सगळ्यात मोठं कोण आहे? मी आईला घेऊन गेले होते, वय ६८. जहाज बेटाला लागेल असं मी धरून चाललेले. ते प्रवाळाच्या कड्याबाहेर, उघड्या समुद्रात उभं राहिलं. जहाजाच्या कुशीतलं एक दार उघडलं आणि खाली छोटी होडी आली. लाटेबरोबर ती होडी दाराच्या पातळीला यायची आणि दोन सेकंदांत माणूसभर खाली जायची. होडी वर आली की दोन खलाशी दंडाला धरून तुम्हाला अक्षरशः उचलून पलीकडे ठेवतात. सराईत माणसं आहेत, काही झालं नाही. पण आईने त्या दारात माझा हात असा धरला होता की संध्याकाळपर्यंत वळ दिसत होते. परतीला आम्ही विमानाने आलो, आणि "अनुभव हुकला" असं तिला एकदाही वाटलं नाही.

आणि एकच बेट कशासाठी? मिनिकॉयला १८८५ सालचं दीपगृह आहे, तिथली भाषा महल, मालदीवच्या भाषेची बहीण. बाकी बेटांवर जेसेरी, म्हणजे मल्याळमचं एक रूप. एक बेट पाहून "लक्षद्वीप पाहिलं" म्हणणं म्हणजे लग्नाला जाऊन फक्त मांडवाच्या दारातलं अत्तर लावून परत येणं.

अर्धवट_शहाणा

विषय गंभीर आहे हे मान्य, पण लगूनकाठी थंडगार बिअर मिळते का?

सुकाणू

@अर्धवट_शहाणा बंगारमला. बाकी बेटांवर दारूबंदी आहे, आणि सामानातून न्यायचा विचारही करू नका.

@भटकभवानी बाबा ७४. हा मुद्दा मी सोयीस्करपणे गाळला होता.

तळटीप

एक बेट की चार, जहाज की विमान, हा वाद म्हणजे पाहुणा पंगतीत बसल्यावर पुरी वाढू की पोळी असा आहे. पंगतीला मुळात अन्न आहे का, ते आधी बघा.

प्रवाळबेटावर नदी नाही, ओढा नाही, तळं नाही. पाऊस वाळूतून झिरपतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो, दुधावरच्या सायीसारखा. पंपाने जास्त ओढलं की खालचं खारं पाणी वर येतं. शौचालयांची टाकीही त्याच वाळूत, म्हणजे घाणही त्याच सायीत.

म्हणून कवरत्तीला २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प उभा केला. क्षमता दिवसाला एक लाख लिटर. कवरत्तीची २०११ ची लोकसंख्या अकरा हजारांच्या वर. भागाकार करा: माणशी नऊ लिटर. शहरातलं पाणीपुरवठ्याचं नियोजन माणशी १३५ लिटर धरून होतं, आणि सुट्टीवर गेलेला शहरी माणूस दिवसातून तीनदा अंगावरचं खारं पाणी धुतो. हे कुणाच्या वाट्याचं?

आणि जे बघायला जाताय ते तरी किती उरलंय? १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४, चार वेळा समुद्र तापून तिथला प्रवाळ पांढरा पडला. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्याला अन्न आणि रंग पुरवतं. पाणी नेहमीपेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो आणि उपाशी पडतो. अगत्ती, कदमत, कवरत्ती इथल्या मोजणीत जिवंत प्रवाळाचं प्रमाण १९९८ पासूनच्या २४ वर्षांत जवळपास निम्म्यावर आलंय. आजारी माणसाला भेटायला जाताना घरचे म्हणतात ना, गर्दी करू नका?

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे तिथले फोटो आले आणि आठवडाभरात माझ्या ओळखीतल्या पाच जणांनी "लक्षद्वीप करायचंय" म्हटलं. त्यातल्या एकालाही पोहता येत नाही.

बदलीवाला

दोन वर्षं नोकरीनिमित्त तिथे काढलीत, म्हणून लिहितो. वरचा प्रतिसाद वाचून जरा गरम झालोय, सांभाळून घ्या.

पाण्याचा भागाकार बरोबर आहे, पण अर्धा. ते प्रकल्पाचं पाणी पिण्या-रांधण्यासाठी आहे. अंघोळ-धुणं विहिरीच्या आणि साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर चालतं. मिनिकॉय आणि अगत्तीला २०११ मध्ये तसेच प्रकल्प झाले. समुद्रात साडेतीनशे-चारशे मीटर खोलवरचं गार पाणी पाइपने वर आणतात. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली ठेवून त्याची वाफ करतात आणि त्या गारव्याने ती वाफ थंड करतात. झालं गोडं पाणी. आमच्या नळाला त्या पाण्याला काही चवच नसायची. पहिल्या आठवड्यात मला ते "मेलेलं" वाटलं. नंतर सुट्टीवर घरी आलो तर घरचं पाणी जड लागायला लागलं.

आता माणसांबद्दल. तिथे चौरस किलोमीटरला दोन हजारांहून जास्त माणसं राहतात. नारळ, मासेमारी आणि सरकारी नोकरी, एवढ्यावर संसार. ट्यूना, म्हणजे आपला कुपा, तिथे अजून गळानेच धरतात. पहाटे लगूनमध्ये बोटभर मासळी जाळ्याने पकडून होडीच्या पोटात जिवंत ठेवायची आणि बाहेर कुप्याचा थवा दिसला की ती मूठमूठ पाण्यात फेकायची. पाणी उकळल्यासारखं होतं, आणि मागे ओळीने बसलेले लोक काठ्यांनी एकेक मासा डोक्यावरून होडीत टाकतात. जाळ्याने समुद्र खरवडून काढण्यापेक्षा कितीतरी सभ्य मासेमारी. पण शिकलेल्या पोराला त्या काठीवर बसायचं नसतं. त्याला काम हवंय, आणि त्यासाठी बेट सोडायचं नाहीये. माझ्या शेजारच्या मुलाने डायव्हिंग शिकून त्याच्या प्रमाणपत्राचं कार्ड मिळवलं होतं. तो पाहुण्यांची वाट बघत असायचा. त्याला जाऊन सांगा की तुझ्या प्रवाळाची आम्हाला फार काळजी आहे म्हणून आम्ही येत नाही!

शिवाय समुद्र तापतोय तो त्याच्या होडीमुळे नव्हे. तो आपल्या गाड्या, आपला एसी, आपलं विमान यांनी तापतोय. घरी बसून एसी लावायचा आणि "मी प्रवाळासाठी त्याग केला" म्हणायचं, हे मला पटत नाही.

मात्र @सुकाणू यांच्या निम्म्या मताशी सहमत. एका दिवसात बेट "करणारे" लोक पाणी वापरतात, कचरा ठेवतात, आणि गावात दहा रुपयेही खर्च करत नाहीत. त्यांचे पैसे मुख्य भूमीवरच कुणाच्या तरी खिशात गेलेले असतात. पाच दिवस राहणारा माणूस निदान शेजारच्याशी बोलतो, त्याच्या घरी जेवतो.

तळटीप

@बदलीवाला, तुमचा शेजारचा मुलगा डोक्यात राहिला. तरी आकडा विचारतोच. त्याला पोसायला वर्षाला किती पाहुणे लागतात, आणि ते कुठे थांबवायचे? थायलंडची माया बे ही खाडी बघा. पर्यटक इतके वाढले की जून २०१८ मध्ये बंदच करावी लागली, उघडली जानेवारी २०२२ मध्ये. मधल्या काळात काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क उथळ पाण्यात परत आले. तिथेही सुरुवातीला सगळे "रोजगार"च म्हणत होते.

बदलीवाला

उघडली ना पण? संख्या ठरवून, होड्या मागच्या बाजूने आणून. मी तेच म्हणतोय. लक्षद्वीपला तर दरवाज्यावर कुलूप आधीपासून आहे. १९६७ च्या नियमांमुळे भारतीय नागरिकालाही परवाना लागतो. जगातल्या किती प्रवाळबेटांना अशी चावी मिळालीय? ती नीट फिरवा म्हणावं, दार भिंत घालून बुजवू नका.

तारकर्लीकर

माका विचारशात तर तुम्ही सगळे बेटावर पोचायच्या आधीच भांडतास. खरी भानगड पाण्यात उतरल्यावर होते.

मी मालवणच्या समुद्रात पाहुण्यांना पाण्याखाली नेतो. आमच्याकडेही प्रवाळ आहे, १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे. पोहता न येणारा माणूस घाबरला की पहिली गोष्ट काय करतो? पाय खाली टाकून उभा राहतो. कशावर, ते बघत नाही. गोल, दगडासारखा प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो. फूटभर उंचीचा गोळा निदान तीस वर्षं वाढत असेल, आणि फांद्यांचा प्रवाळ तर टाच लागली की बिस्किटासारखा तुटतो. तेव्हा एक बेट की चार ते नंतर ठरवा, आधी दोन महिने तलावावर जा आणि मास्कमध्ये पाणी शिरल्यावर उभं न राहता ते बाहेर काढायला शिका. ज्याला हे येतं त्याने चारही बेटं बघावीत, माझी हरकत नाही. ज्याला येत नाही त्याने काचेच्या तळाच्या होडीतून बघावं. यात अपमान कसला?

सनस्क्रीनवरून कोणी भांडायच्या आत सांगतो, पूर्ण बाह्यांचा पोहायचा टीशर्ट घाला, प्रश्न मिटला. हवाईने २०२१ पासून काही रसायनांच्या सनस्क्रीनची विक्री बंद केली ती उगाच नाही, पण तापलेल्या समुद्रापुढे ते प्रकरण लहान आहे.

आणि विमानाने परतणार असाल तर शेवटच्या स्कूबानंतर, म्हणजे पाठीवर टाकी घेऊन मारलेल्या बुडीनंतर, निदान १८ तास जमिनीवर काढा. रक्तात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो, नाहीतर विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होतात. शेवटच्या सकाळी डाइव्ह आणि दुपारी विमान, असल्या शीटा मी स्वतः बघितल्यात.

भटकभवानी

तारकर्लीकरांचा प्रतिसाद छापून फ्रीजवर लावावा असा आहे.

माझी एक भर. भाचीने किनाऱ्यावरून एक शंख उचलून गुपचूप पर्समध्ये टाकला होता. रात्री खोलीत खुडबुड. बघतो तर टेबलावरची पर्स हळूहळू कडेकडे सरकतेय! शंखात खेकडा होता, त्याचं ते घर. सकाळी तिने स्वतः नेऊन सोडला. रिकामा शंखही उचलू नका, पुढच्या खेकड्याची ती जागा असते. आणि प्रवाळाचा मेलेला तुकडाही आणायचा नाही, वन्यजीव कायद्यात येतो. "किनाऱ्यावर पडलेला होता" हे उत्तर चालत नाही.

अर्धवट_शहाणा

पर्स चालत निघाली हे वाचून बिअरचा विचार सोडला.

सुकाणू

सगळं घरी मोठ्याने वाचून दाखवलं. मत थोडं बदललंय, सगळं नाही.

बाबा विमानाने जातील, सोबत बायको. मी आणि मेव्हणा जहाजाने, म्हणजे १४ तास त्याला माझ्याशी बोलावंच लागेल. बेट एकच, कदमत की अगत्ती ते परवाना मिळेल त्याप्रमाणे. @भटकभवानी, मिनिकॉयचं दीपगृह राहिलं, ते राहू दे. @तळटीप, तुमच्या नऊ लिटरला माझ्याकडे उत्तर नाही. अंघोळ एकदाच करू, एवढंच कबूल करतो. ते पुरेसं नाही हे मलाही कळतं.

पोहण्याचा क्लास सोमवारपासून लावलाय. पहिल्याच दिवशी मास्कमध्ये पाणी गेलं आणि मी काय केलं असेल? उभा राहिलो.

तारकर्लीकर

तलावात रवा उभे. थयसर लादी आसा.