‘हिरवा पट्टा’, ‘हरित क्षेत्र विकास’ आणि ‘आरक्षण पडलं’ : नाशिकच्या जमिनीच्या बोलीतले शब्द

म्हसरूळची भाची

मामांची म्हसरूळ शिवारात जमीन आहे. शहराच्या विकास आराखड्यातल्या (यालाच डीपी म्हणतात) एका रस्त्याच्या फेरबदलाची नोटीस पेपरात आली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मामांचं वाक्य जसंच्या तसं देते : “आपली यलोत आली, पण मधून डीपी रोड गेला, कोपऱ्यावर आरक्षण पडलं, आता मखमलाबादसारखं हरित क्षेत्रवाले टीपी घेऊन आले तर काय करायचं?”

मामींनी यातल्या एकेका शब्दाचा अर्थ विचारला, तर घरातल्या चौघांनी चार अर्थ सांगितले. हिरवा पट्टा आणि हरित क्षेत्र एकच का? आरक्षण पडलं म्हणजे जमीन गेली का? आणि नोटिशीत ‘हरकती व सूचना’ मागवल्या आहेत. मामांचा रस्त्याला विरोध नाही, तो थोडा सरकावा एवढंच म्हणणं आहे. मग ती हरकत की सूचना? जाणत्यांनी सांगावं. कागद मुदतीत द्यायचा आहे.

पंचवटीकर

ताई, मी नोकरीभर नगररचनेचे नकाशे हाताळले, म्हणून आधी रंगांबद्दल लिहितो. आराखड्याच्या नकाशावर रहिवास विभाग पिवळा असतो आणि शेती विभाग हिरवा. त्यावरून लोकांनी पिवळा पट्टा आणि हिरवा पट्टा हे शब्द केले, पुढे त्यांचं नुसतं यलो आणि ग्रीन झालं. ‘जमीन यलोत आली’ म्हणजे तिथे घरं बांधायला आराखड्याची आडकाठी नाही. हिरव्या पट्ट्यात शेतघरासारखे मोजके वापर सोडले तर बांधकाम होत नाही. भावातला फरक सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून नाशिकमध्ये जमिनीची चौकशी करणारा माणूस गट नंबराच्या आधी रंग विचारतो.

‘हरित क्षेत्र विकास’ मात्र थेट उलट्या अर्थाचा शब्द आहे. तो आला स्मार्ट सिटीतून. 2015 साली ती योजना सुरू झाली तेव्हा शहरांपुढे तीन प्रकार ठेवले होते : आहे त्या वस्तीत सुधारणा, जुन्या वस्तीचा पुनर्विकास, आणि बांधकाम नसलेल्या 250 एकरांहून मोठ्या जागेवर नवी वसाहत. हा तिसरा प्रकार म्हणजे ग्रीनफील्ड. 2016 मध्ये नाशिकची निवड झाली, मखमलाबाद-हनुमानवाडी भागातली 700 एकरांहून अधिक जमीन त्यासाठी पुढे आली आणि मराठी कागदांत ग्रीनफील्डचं ‘हरित क्षेत्र विकास’ झालं. ऐकणाऱ्याला वाटावं, झाडं लावणार, शेती राखणार. प्रत्यक्षात त्याचा अर्थ शेतीच्या जागी रस्ते, भूखंड, इमारती.

थोडक्यात, हिरव्या पट्ट्यात बांधता येत नाही आणि हरित क्षेत्र विकासात बांधायचंच असतं. एकाच रंगाचे दोन शब्द एकाच शिवारात विरुद्ध अर्थाने फिरत असतील तर मालकाने सही कशावर करायची? माझं स्पष्ट मत आहे की हा शब्द बदलायला हवा. ‘मोकळ्या जमिनीवरील नवी वसाहत’ असं सरळ म्हणावं.

मखमलाबादकर

काका, बाकी सगळं पटलं, पण ‘मोकळी’ म्हणू नका.

आमच्याकडे गंगापूर धरणाच्या पाटाचं पाणी आहे. बांधावरून चालत गेलात तर एका हाताला द्राक्षबाग, तारांवर चढवलेले वेल, दुसऱ्या हाताला कोबी नाहीतर टोमॅटो, मध्ये विहीर, विहिरीजवळ भावाभावांची दोन-तीन घरं. ह्याला आम्ही मळा म्हणतो, आणि मळ्याला कुटुंबाचं आडनाव असतं. हे सगळं मोजणीच्या कागदावर एका गट नंबराच्या चौकटीत मावतं आणि तिथे ते रिकामं दिसतं. कागदावर रिकामं दिसलं की बोलण्यातही मोकळं होतं. ‘शेतजमिनीवरील नवी वसाहत’ म्हणा. त्यात काय जाणार आणि काय येणार, दोन्ही कळतं.

आता टीपी. पूर्ण शब्द नगररचना परियोजना. ती आराखड्याहून वेगळी असते, हे भल्याभल्यांना सांगावं लागतं. आराखड्यात रस्ता ज्याच्या शेतातून जातो त्याचीच जमीन जाते आणि शेजाऱ्याला फुकटात रस्त्याचं तोंड मिळतं. टीपीत सगळ्यांची जमीन आधी एकत्र धरतात, रस्ते-बागा-शाळा यांची जागा सगळ्यांच्यातून काढतात आणि उरलेली नव्याने आखून ज्याची त्याला परत देतात. तुमची आधीची जमीन ती ‘मूळ भूखंड’, परत मिळणारी ती ‘अंतिम भूखंड’. समजा चाळीस गुंठे म्हणजे एकरभर वेडीवाकडी पट्टी आहे, तिला वाट नाही. निम्मं परत या हिशेबाने वीस गुंठे मिळतील, पण चौकोनी आणि रस्त्याला लागून. हे कुणाला परवडतं, कुणाला नाही. ज्याची बाग चांगली चालते आणि ज्याची जमीन आधीच रस्त्यावर आहे, त्याने निम्मी का सोडावी? आमच्याकडे काही जण तयार होते, काहींचा ठाम विरोध होता, आणि परत किती मिळणार या प्रमाणावर बरीच चर्चा अडली. माझ्या मते ते रास्तच होतं, कारण तिथेच खरा व्यवहार आहे.

पंचवटीकर

मान्य. ‘शेतजमिनीवरील’ हाच शब्द बरोबर.

टीपीबद्दल एक भर. ती नाशिकला नवी नाही. शरणपूर रोडच्या बाजूची जुनी खरेदीखतं काढून पाहा, त्यांत टीपी स्कीम आणि एफपी नंबर सापडेल. एफपी म्हणजे हाच अंतिम भूखंड. शिवाय जमिनीबरोबर पैशाचाही हिशेब असतो. योजनेमुळे वाढलेल्या किमतीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मालकाकडून घेता येते आणि गेलेल्या जमिनीची भरपाई त्यातून वळती करतात. लोक फक्त गुंठे मोजतात आणि हा रकाना राहून जातो.

देवळालीकर

मी वकिली करते, त्यामुळे ‘संमती’ आणि ‘हरकत’ या जोडीवर लिहिते.

लोकांना वाटतं, टीपीला अमुक टक्के मालकांची संमती कायद्यानेच लागते. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात तशी टक्केवारी नाही. 1974 च्या नियमांत आहे ते असं, की मसुदा करताना मालकांची सभा बोलवावी, तात्पुरती मांडणी समजावून सांगावी आणि त्यांची मतं घ्यावीत. मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी 30 दिवस. पुढे प्रत्येक भूखंडाचा निवाडा लवाद करतो. म्हणजे ‘संमती’ हा वाटाघाटीचा शब्द आहे, ‘सभा’ आणि ‘हरकत’ हे कायद्याचे. सभेला न जाणं म्हणजे नकार, असं समजून घरी बसणारे मालक मी पाहिले आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. गैरहजेरीची नोंद नकार म्हणून होत नाही. तिची नोंदच होत नाही.

हरकत हा मूळ अरबी शब्द, अर्थ हालचाल. हिंदीत तो खोडीकडे झुकला, मराठीत अडथळ्याकडे. गवई हरकत घेतो तिथे मात्र मूळ हालचाल अजून शिल्लक आहे. रोजच्या बोलण्यात आपण ‘हरकत नाही’ इतक्यांदा म्हणतो की हरकत घेणं म्हणजे भांडण उकरणं वाटायला लागतं. ताई, मामांना सांगा की इथे हरकत म्हणजे विरोध एवढंच नाही. “हा रस्ता नको” ही हरकत. “रस्ता हवा, पण बांधाच्या बाजूने न्या म्हणजे विहीर वाचेल” ही सूचना. दोन्ही एकाच कागदात चालतात, दोन्हींवर सुनावणी मागता येते. फेरबदलाच्या नोटिशीला साधारण महिन्याची मुदत असते आणि शेवटची मंजुरी राज्य शासनाची. म्हणून महापालिकेतल्या कुणी तोंडी “होऊन जाईल” म्हटलं तरी कागद दिल्याची पोच जपून ठेवा.

आडगावकर

‘आरक्षण पडणे’ राहिलंच की. आरक्षण म्हणजे आराखड्यात सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जागा. आमच्याकडे आरक्षण कुणी टाकत नाही, ते पडतं. पाऊस पडतो, वीज पडते, तसं. कर्ता नाही. सरकारी भाषेत ‘आरक्षित करणे’, पण मालक कधी तसं म्हणणार नाही, कारण त्याला कुणी विचारलेलं नसतं. डीपी रोडही कुणी नेत नाही, तो ‘जातो’, आणि त्याच्याबरोबर ‘जमीन जाते’.

मात्र या बोलीमुळे एक नुकसान होतं. आरक्षण पडलं की लोक जमीन गेलीच म्हणून मोकळे होतात. तशी ती जात नाही. ताबा आणि मोबदला होईपर्यंत सातबारा मालकाच्याच नावावर राहतो, फक्त आरक्षणाला आडवं येईल असं काही बांधता येत नाही. ती जमीन कराराने, टीडीआर देऊन किंवा भूसंपादनाने घ्यावी लागते. टीडीआर म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्क, जो दुसरीकडे वापरता किंवा विकता येतो. दाट वस्तीबाहेर तो जागेच्या दुप्पट मिळतो. हा हक्क कागदावर मिळतो, त्याचे पैसे बाजारात होतात आणि बाजार पडला की भाव पडतो. म्हणून आमचे नाना म्हणतात, जमीन दिली आणि पावती घेतली.

पडलेलं आरक्षण उठतंही. कायद्याचा शब्द ‘व्यपगत होणे’. कलम 127 नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकाने नोटीस द्यायची. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत. नाशिकचा सुधारित आराखडा 2017 साली मंजूर झाला, म्हणजे पुढची दोन-तीन वर्षं हा अवघड शब्द शहरात बऱ्याच घरांत ऐकू येणार. नुसती वर्षं भरून आरक्षण आपोआप उठत नाही. नोटीस मालकालाच द्यावी लागते.

मखमलाबादकर

तपोवनाकडचे साधुग्रामच्या, म्हणजे कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठीच्या आरक्षणातले मालक हे जास्त नीट सांगतील. कुंभमेळा बारा वर्षांनी, पण आरक्षण बाराही वर्षं जमिनीवर. आता 2027 चा मेळा आला तसा त्यांच्याकडे पुन्हा तोच विषय निघाला आहे. जागा मेळ्याला हवी हे खरंच, पण मधल्या वर्षांत त्या मालकाने काय करायचं, याला आपल्याकडे शब्दच नाही. भाड्याने घेतली तर ‘भाडेपट्टा’, कायमची घेतली तर ‘संपादन’. नुसती अडकवून ठेवली तर?

आडगावकर

आमच्याकडे ‘गुंतलेली जमीन’ म्हणतात.

म्हसरूळची भाची

सगळ्यांचे मनापासून आभार. मामांना सगळं वाचून दाखवलं. ‘शेतजमिनीवरील नवी वसाहत’ त्यांना लगेच पटलं. अर्ज असा लिहिला आहे :

“सदर रस्त्यास आमचा विरोध नाही. तथापि सदर रस्ता सदर जमिनीच्या मध्यातून न नेता पूर्वेकडील बांधालगत न्यावा, जेणेकरून विहीर व राहते घर वाचेल. आम्हांस सुनावणीची संधी द्यावी.”

देवळालीकर

मुद्दा नेमका आहे. तीनदा आलेलं ‘सदर’ एकदाही नको, त्याऐवजी गट नंबर आणि पोटहिस्सा लिहा. ‘विरोध नाही’ हे पहिलं वाक्य काढून टाका, नाहीतर वाचणारा तिथेच थांबेल. सुरुवात ‘आमची पुढील हरकत व सूचना आहे’ अशी करा. विहीर आणि घर दाखवणारा मोजणीचा नकाशा जोडा, सातबाऱ्यावर नाव असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. मामींचं नाव असेल तर त्यांचीही.