शेल्टर फुल झालं की जनावरं मारतात का? पुण्यात आपण काय करू शकतो?

मनीमाऊ_कर्वेनगर:
आमच्या पार्किंगमध्ये एक मांजर व्यायलीये, चार पिल्लं आहेत, आणि कमिटीवाले म्हणतायत शेल्टरला नेऊन सोडा. दोन-तीन ठिकाणी विचारलं तर सगळीकडे फुल आहे. माझी चुलत बहीण टेक्सासला असते, ती तिथल्या एका शेल्टरमध्ये व्हॉलंटियर आहे, ती म्हणाली की तिकडे पिंजरे भरले की धडधाकट कुत्री-मांजरंही इंजेक्शन देऊन झोपवतात. ते ऐकल्यापासून मला चैन नाहीये. आपल्याकडेही असं करतात का? आणि करू नये म्हणून आपल्यासारख्यांनी नेमकं काय करायचं? कोणी या कामात असेल तर प्लीज सांगा.

पेठेतला_फीडर:
ताई, कुत्र्यांचं सांगतो. आपल्याकडे जागा नाही म्हणून रस्त्यावरचं धडधाकट कुत्रं मारता येत नाही. आधी २००१ चे एबीसी (अॅनिमल बर्थ कंट्रोल, म्हणजे जनावरांच्या नसबंदीचे) नियम होते, आता २०२३ चे आहेत, त्यात असाध्य आजार किंवा जीवघेणी जखम असेल तरच दयामरण, तेही डॉक्टरकडून आणि वेदना न होता. बाकीच्यांना पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने आधी दिल्ली-एनसीआरची सगळी कुत्री शेल्टरमध्ये ठेवा म्हटलं होतं, पण २२ तारखेला ते बदललं, नसबंदी-लस करून परत सोडा, फक्त रेबीज झालेली किंवा अंगावर येणारी सोडू नका. मग नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटल, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलून परत तिथे न सोडण्याचा आदेश आला.

पण कायद्याने मारत नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका. एका शेडमध्ये क्षमतेपेक्षा जास्त जनावरं कोंबली की पार्व्हो, डिस्टेंपरसारखा जीवघेणा साथीचा आजार शिरतो आणि पिल्लं पटापट जातात, त्याला कोणी दयामरण म्हणत नाही एवढंच. म्हणून शेल्टरला नेऊन सोडणं हा मला उपायच वाटत नाही, तिथे पोचणारी जनावरं कमी झाली पाहिजेत.

कोथरूडहून_ऑस्टिन:
तुमच्या बहिणीने सांगितलं ते खरंय, पण चित्र बरंच बदललंय. एएसपीसीए या इथल्या प्राणी-कल्याण संस्थेच्या अंदाजानुसार २०११ मध्ये अमेरिकेतल्या शेल्टर्समध्ये वर्षाला साधारण २६ लाख कुत्री-मांजरं मारली जायची, २०१९ पर्यंत तो आकडा ९ लाख २० हजारांवर आला. अजूनही भयंकरच आहे, पण कमी होऊ शकतं हे तर दिसलं ना. टेक्सासमधल्या आमच्या ऑस्टिन शहराने २०११ मध्ये ९० टक्के जनावरं वाचवण्याचा टप्पा गाठला. इथे बघून मला पटलंय की नुसतं अडॉप्शन वाढवून भागत नाही. स्वस्तात नसबंदी पाहिजे, दूधपिती पिल्लं मोठी होईपर्यंत घरी सांभाळणारे फॉस्टर पाहिजेत, आणि मुख्य म्हणजे मालकाने जनावर आणून सोडूच नये म्हणून त्याला मदत पाहिजे. कित्येक जण जीव तुटत असताना सोडतात हो, घरमालक ठेवू देत नाही, ऑपरेशनचा खर्च झेपत नाही. अशा वेळी कोणी औषधाचे पैसे दिले किंवा पंधरा दिवस सांभाळलं तर ते कुत्रं घरातच राहतं.

धायरीकर_बाबा:
माझ्या मुलीला गेल्या वर्षी कुत्रं चावलं, पाच इंजेक्शनं घेतली तिने. मी कोणाला मारा म्हणत नाहीये, पण रस्त्यावरून न्या म्हणणारा बापही चुकीचा नसतो हे लक्षात घ्या.

पेठेतला_फीडर:
दादा, तुमची भीती खरी आहे, ती मी नाकारणार नाही. पण एका गल्लीतली कुत्री उचलली की तिथल्या खरकट्यावर शेजारची येतात, आणि त्यांना लस दिलेली असेलच असं नाही. जयपूरला १९९४ पासून नसबंदी आणि लस एकत्र केली, काही वर्षांत ज्या भागात काम झालं तिथल्या ६५ टक्के माद्यांपर्यंत पोचले, तर कुत्री साधारण २८ टक्क्यांनी कमी झाली आणि त्या भागात माणसांमधला रेबीज शून्यावर आला. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून कट देतात, धायरीत कुठल्या कुत्र्यांच्या कानाला तो नाहीये ते बघून महापालिकेकडे तक्रार टाका, आणि एकट्याने नको, चार-पाच घरांनी मिळून टाका.

पशुवैद्यक_विद्यार्थिनी:
मनीमाऊताई, पिल्लं आत्ता आईपासून तोडू नका, आठ आठवडे तरी राहू दे. गाईचं दूध अजिबात नको, जुलाब लागतात. आईला नीट खायला घाला आणि पिल्लं स्वतः खायला लागली की लगेच तिची नसबंदी करून घ्या, कारण मांजर अंगावर पाजत असतानाच परत गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत पुढची वेत येते. पिल्लंसुद्धा चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकतात, त्यामुळे दत्तक देताना घेणाऱ्याकडून नसबंदीचं नक्की कबूल करून घ्या, जमलं तर स्वतः फोन करून आठवण द्या.

मनीमाऊ_कर्वेनगर:
सगळ्यांचे मनापासून आभार. कमिटीला हेच सांगते, आठ आठवडे द्या, आईच्या ऑपरेशनची वर्गणी मी काढते. फक्त ही आई हातात येत नाही, लगेच फिस्कारते, मग डॉक्टरकडे न्यायची कशी?

पशुवैद्यक_विद्यार्थिनी:
हाताने पकडायला जाऊच नका, चावेल. ट्रॅप पिंजरा मिळतो, मांजरांचं काम करणाऱ्या संस्थांकडे विचारा. चार-पाच दिवस दार बांधून उघडं ठेवा आणि आतच खायला घाला, सवय झाली की मग लावा. आदल्या रात्रीपासून किती वेळ उपाशी ठेवायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि पिंजऱ्यावर जुनी चादर टाका, अंधारात शांत राहतात.

धायरीकर_बाबा:
वर्गणीत माझेही पाचशे धरा ताई.