उत्तर: आई-बाबांपैकी एक ओ, तर मूल एबी कसं?

या प्रश्नावर एकाने लिहिलंय की आई-बाबांपैकी एक जण ओ असेल तर मूल एबी होऊच शकत नाही, म्हणजे रिपोर्ट तरी चुकला नाहीतर बाळ तरी बदललं. बहुतेक वेळा नियम बरोबरच आहे, पण यात बॉम्बे ब्लड ग्रुप हा दुर्मिळ रक्तगट राहिला. १९५२ मध्ये आपल्या मुंबईतच डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा नोंदवला. ए किंवा बी तयार व्हायला आधी एच नावाचा पाया लागतो, त्याचा जीन वेगळ्याच गुणसूत्रावर असतो आणि तो दोन्हीकडून बिघडलेला आला की पायाच नाही, मग आत ए असो वा बी, साध्या टेस्टमध्ये माणूस ओ दिसतो. मुलाला दुसऱ्या पालकाकडून चांगला एच मिळाला की दडलेला ए बाहेर येतो, आणि त्याच पालकाकडून बी पण आला की मूल एबी.

आमच्या नात्यात एका काकूंचं असंच निघालं, कार्डावर कायम ओ पॉझिटिव्ह, ऑपरेशनच्या वेळी ओ ची एकही बाटली क्रॉसमॅच होईना, म्हणजे त्यांच्या रक्ताशी जुळेना, कारण साध्या ओ रक्तातही एच असतोच. ब्लड बँकवाल्याने पहिलं काय विचारलं तर सख्खी भावंडं किती, कारण जुळायचा चान्स तिथेच जास्त, चारात एक. आणि दुसरा प्रश्न, आईवडील नात्यातले का? होते, आते-मामे भावंडं. तेव्हा डीएनए टेस्टच्या गोष्टी करण्याआधी अँटी-एच टेस्ट (रक्तात एच आहे का ते बघणारी) करून घ्या राव, उगाच संसारात काडी कशाला.