कपॅसिटिव्ह ओलावा सेन्सर : एकाच मातीत दोन आकडे, खरा टक्का कसा काढायचा?

थेंबथेंब
ईएसपी-३२ (वायफायवाला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) ला चार कपॅसिटिव्ह माती-ओलावा सेन्सर जोडले आहेत (काळी पट्टी, वर 'व्ही १.२' छापलेलं). ठिबकचा व्हॉल्व्ह आकारमानी ओलाव्याच्या (मातीच्या एकूण आकारमानात पाण्याचा वाटा) टक्क्यावर चालवायचा आहे. अडचणी अशा:

एकाच कुंडीत शेजारी खोचलेल्या दोन सेन्सरांत ३००-४०० काउंटचा (ईएसपीने वाचलेल्या कच्च्या आकड्यांचा) फरक पडतो. चारांपैकी एक कोरड्या मातीतून ओल्या मातीत घातला की आकडा उतरायला फार वेळ लावतो. कोरड्या टोकाला सगळ्यांचेच आकडे उड्या मारतात. आणि पाणी न देताही दुपारी आकडा सरकतो, पहाटे जागेवर येतो.

सध्या 'हवेतला आकडा ०, पाण्यातला १००' असं गणित लावलंय. शोधनिबंधांत याच स्वस्त सेन्सरांना आर-वर्ग (गणित मोजमापाशी किती जुळतं त्याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.९८ वगैरे मिळतो, तो कसा?

सर्किटवेडा
मातीचा विचार नंतर, आधी बोर्ड तपासा. या पट्ट्यांच्या नकला इतक्या आहेत की दिसायला सारख्या दोन पट्ट्या आतून वेगळ्या निघतात.

पट्टीवरच्या ५५५ चिपवरची (स्पंदनं तयार करणारी टायमर चिप) अक्षरं भिंगातून वाचा. टीएलसी५५५ असेल तर ठीक, ती २ व्होल्टपासून चालते. एनई५५५ असेल तर तिला किमान ४.५ व्होल्ट लागतात आणि बोर्डवरचा रेग्युलेटर तिला ३.३ च देतो. अशी पट्टी बाजूला ठेवा, तिच्यावर वेळ घालवू नका.

मग '६६२के' लिहिलेला तीन पायांचा रेग्युलेटर जागेवर आहे का ते पाहा. तो नसेल तर पुरवठ्याचा व्होल्टेज हलला की आउटपुटही हलणार. असेल तर पट्टीला ५ व्होल्ट द्या, ३.३ दिले तर रेग्युलेटरला वरचा वाव राहत नाही. रेग्युलेटर नसलेल्या पट्टीला मात्र ५ व्होल्ट देऊ नका, ईएसपीची पिन जाईल.

उशिरा उतरणारा सेन्सर : आउटपुटवरचा कपॅसिटर रिकामा करणाऱ्या १ मेगाओम रोधाचं दुसरं टोक काही बोर्डांवर ग्राउंडला जोडलेलंच नसतं. पुरवठा काढून आउटपुट आणि ग्राउंडमध्ये मल्टिमीटर लावा, आकडा स्थिरावू द्या. १ मेगाओमच्या आसपास दिसला नाही तर तिथेच बाहेरून १ मेगाओमचा रोध सोल्डर करा. दोन मिनिटांचं काम.

कोरड्या टोकाच्या उड्या ईएसपीच्या एडीसीमुळे (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग). त्याच्या ११ डेसिबल अॅटेन्युएशनच्या (येणारं व्होल्टेज आत कमी करण्याच्या) सेटिंगवर भरवशाचा पट्टा सुमारे १५० ते २४५० मिलिव्होल्ट. हा सेन्सर ओला असताना कमी आणि कोरडा असताना जास्त व्होल्टेज देतो, हवेत पावणेतीन-तीन व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे पट्ट्याच्या बाहेर. साध्या रोधांनी व्होल्टेज विभागू नका, १ मेगाओमच्या आउटपुटवर त्यांचा भार पडतो. सरळ एडीएस१११५ ही वेगळी एडीसी चिप लावा : १६ बिट, चार चॅनेल, ±४.०९६ व्होल्टच्या रेंजवर पायरी ०.१२५ मिलिव्होल्ट. चारही सेन्सर एकाच चिपवर बसतात. ईएसपीचाच एडीसी वापरायचा असेल तर जीपीआयओ ३२ ते ३९ या पिना (एडीसी-१ च्या) घ्या. एडीसी-२ च्या पिना वायफाय चालू असताना मिळत नाहीत.

अजून एक, ज्याकडे कुणी बघत नाही : पट्टीच्या कापलेल्या कडा. तिथे फायबरग्लास उघडा असतो, तो पाणी ओढतो आणि आकडा दिवसागणिक 'ओला' होत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, कडांना इपॉक्सीचे दोन पातळ हात द्या, वरच्या चिपांवर गोंदवाली हीट-श्रिंक नळी चढवा. कॅलिब्रेशन (आकडा खऱ्या ओलाव्याशी जुळवणं) लेप दिल्या*नंतर*च. लेपाच्या जाडीने धारकता (कपॅसिटन्स, म्हणजे सेन्सर मोजतो ती गोष्ट) बदलते.

मातीमोल
आता माती. 'हवा ० आणि पाणी १००' हे गणितच काढून टाका. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ धारकता किती पटीने वाढवतो तो आकडा) साधारण ८०, कोरड्या मातीच्या कणांचा ३ ते ५, हवेचा १. म्हणजे पूर्ण कोरडी मातीसुद्धा हवेसारखी दिसत नाही. वरच्या टोकाला, मातीची स्थूल घनता (पोकळ्यांसकट) १.३ ग्रॅम/घसेमी आणि कणांची २.६५ धरली तर सच्छिद्रता १ − १.३/२.६५, म्हणजे सुमारे ५१ टक्के. त्या मातीत आकारमानी ओलावा ५१ च्या वर जाऊच शकत नाही.

डायइलेक्ट्रिक स्थिरांकावरून ओलावा काढायचं टॉप या संशोधकाचं १९८० चं समीकरणही इथे चिकटवू नका. ते टीडीआर (मातीत विद्युत स्पंद सोडून त्याला परतायला लागणारा वेळ मोजणारी पद्धत) च्या उच्च वारंवारितेसाठी आहे. ही पट्टी फार तर दीडेक मेगाहर्ट्झवर चालते आणि तिथे मातीतले क्षार आकडा बिघडवतात. इसी-५ सारखे महागडे नसलेल्या नकलांपेक्षा वेगळे, तयार कंपनीचे सेन्सर ७० मेगाहर्ट्झवर चालवतात ते याचसाठी.

पद्धत अशी. शेतातली माती हवेत वाळवा, ढेकळं फोडून २ मिमी चाळणीतून काढा. थोडा नमुना १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये ठेवून हवेत वाळलेल्या मातीत पाणी किती उरलंय ते काढा. समजा वजनाने ४ टक्के निघालं. २ लिटरच्या प्लास्टिक डब्यात १.३ घनता हवी तर ओव्हन-कोरडी माती २६०० ग्रॅम, म्हणजे हवेत वाळलेली २७०४ ग्रॅम. त्यात १०४ मिली पाणी आधीच आहे. तुमचा पहिला बिंदू ० नव्हे, ५.२ टक्के!

पुढे दर पायरीला माती बाहेर काढून १०० मिली पाणी फवारत कालवा (ते ५ टक्के झाले), झाकून रात्रभर मुरू द्या, मग तीन-चार थरांत दाबून पुन्हा २ लिटरच्या खुणेपर्यंतच भरा. घनता ढळली की बिंदू वाया. वरून पाणी ओतून लगेच रीडिंग घेतलं तर वर चिखल, खाली भुगा, आणि सेन्सर दोघांची सरासरी सांगतो.

रीडिंग झाल्यावर पट्टीलगतचा नमुना घेऊन ओव्हनने पडताळा. ओला १३० ग्रॅम, कोरडा १०४ : २६/१०४ = ०.२५, गुणिले १.३ = ३२.५ टक्के. डब्यात किती पाणी ओतलं यापेक्षा हा आकडा खरा माना.

पट्टीचं विद्युत क्षेत्र मातीत जेमतेम काही मिलिमीटर शिरतं. त्यामुळे तिच्यालगतची हवेची फट सगळं बिघडवते. तुमच्या शेजारच्या दोन सेन्सरांतला निम्मा फरक तिथलाच असेल अशी मला शंका आहे. पातळ पात्याने चीर पाडा, पट्टी सरळ घाला, हलवून बसवू नका, बाजूने माती दाबा. फुगणारी चिकण माती वाळताना पट्टीपासून सुटते; तिथे दर हंगामात पुन्हा बसवणं आलंच.

आकडेमोड
आर-वर्ग ०.९८ बद्दल. एकच माती, एकच डबा, एकाच सेन्सरची शेकडो रीडिंग, त्यातली ८० टक्के मॉडेल शिकवायला आणि २० तपासायला अशी यादृच्छिक वाटणी केली की तो आपोआप येतो. एकाच ओलाव्यावरची जवळजवळ सारखी रीडिंग दोन्हीकडे जातात. प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली असते. वाटणी डब्यानुसार करा : एक डबा पूर्ण बाहेर ठेवून बाकीच्यांवर समीकरण बसवा, असं प्रत्येक डब्यासाठी. आणि चूक ओलाव्याच्या टक्क्यांत सांगा; आर-वर्गातून व्हॉल्व्हला काही कळत नाही.

आठ-दहा बिंदूंवर रँडम फॉरेस्ट (भरपूर डेटा लागणारं मशीन-लर्निंग मॉडेल) चालवू नका. व्होल्टेजचं द्विघात समीकरण पुरे, प्रत्येक सेन्सरला वेगळं.

दुपारच्या सरकण्याला एकच सुधारणांक नाही. तापमान वाढलं की पाण्याचा स्थिरांक अंशाला सुमारे ०.४-०.५ टक्क्याने घटतो, पण वाहकता अंशाला २ टक्क्यांच्या आसपास वाढते. कोणतं वरचढ ठरेल ते मातीवर अवलंबून. सेन्सरच्याच खोलीवर डीएस१८बी२० हा तापमान सेन्सर पुरा (त्याच्या डेटा तारेवरचा ४.७ किलोओमचा पुल-अप रोध विसरू नका), पाणी न दिलेल्या दोन-तीन दिवसांची नोंद घ्या आणि अंशामागे आकडा किती सरकतो तो उतार त्यावरून काढा. तेवढं करायचं नसेल तर व्हॉल्व्हचा निर्णय फक्त पहाटेच्या रीडिंगवर घ्या.

थेंबथेंब
ठिबकमधून विद्राव्य खतंही जातात. मग कॅलिब्रेशन साध्या पाण्यावर करायचं की खताच्या?

मातीमोल
दोन्हींवर, निदान मधल्या दोन ओलाव्यांना. खताच्या पाण्याने आकडा 'जास्त ओला' दिसेल. तो फरक ३-४ टक्क्यांहून मोठा निघाला तर खत सोडल्यानंतरच्या रीडिंगवर व्हॉल्व्ह चालवू नका, पुढच्या साध्या पाण्याच्या पाळीपर्यंत ठरलेल्या वेळापत्रकाने (टायमरवर) चालवा.

सर्किटवेडा
मला विचाराल तर व्हॉल्व्हसाठी टक्का लागतोच असं नाही. भरपूर पाणी द्या, निचरा होऊन वाफसा आला की त्या जागचं व्होल्टेज टिपा, तो वरचा बिंदू. पिकाला पाणी द्यायची वेळ आली असं हाताला कळतं तेव्हाचं व्होल्टेज हा खालचा. व्हॉल्व्ह या दोघांमध्ये चालवा.

मातीमोल
एका जागेपुरतं चालेल. चार सेन्सरांची तुलना करायची किंवा किती मिलिमीटर पाणी द्यायचं ते काढायचं तर टक्का हवाच : ३० सेमी मुळांच्या थरात ५ टक्के तूट म्हणजे १५ मिमी पाणी. व्होल्टमधून हे निघत नाही.