शाळेच्या फनफेअरसाठी सजवलेले केक : आपल्या हवेत काय टिकते? (अनुभव लिहा)

अबोली_फोंडा
शाळेतून फनफेअरचा कागद आला म्हणून केकची जुनी वही काढली. एका पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले दिसले, "दुपारचा स्टॉल, क्रीम नको". त्यावरून वाटले, दरवर्षी आपण पालक तीच धावपळ नव्याने करतो, त्यापेक्षा ज्याला जे नक्की माहीत आहे ते मापासकट इथे लिहून ठेवूया. यंदाचे पैसे वाचनालयासाठी आहेत, त्यामुळे एकही केक फुकट जायला नको.

सुरुवात मी करते. डिसेंबरातही आपल्याकडे गोव्यात दुपारी पारा ३२-३३ पर्यंत जातो आणि स्टॉल असतो मैदानातल्या मांडवात. बटर ३२ ते ३५ डिग्रीला पूर्ण वितळते, मऊ त्याच्या कितीतरी आधी पडते. म्हणून बटरक्रीमची फुले तासाभरात माना टाकतात. अख्ख्या केकसाठी सगळ्यात भरवशाचे म्हणजे डार्क चॉकलेटचे गनाश (गरम क्रीममध्ये विरघळवलेले चॉकलेट). थंड हवेच्या पुस्तकात चॉकलेट आणि क्रीम समसमान सांगतात, ते इथे ओघळते. आपल्याला २ भाग चॉकलेट, १ भाग क्रीम. मांडव पत्र्याखाली असेल तर अडीचास एक. व्हाइट चॉकलेट असेल तर ३ ला १, कारण त्यात कोको नसतो, नुसते कोको बटर, साखर आणि दूध पावडर. कमी घेतले तर ते घट्ट होतच नाही.

६ इंची केकला (आत दोन थर आणि बाहेरून) ३०० ग्रॅम चॉकलेट, १५० ग्रॅम क्रीम. क्रीमला कडेने बुडबुडे आले की गॅस बंद, बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतायची, ५ मिनिटे हात लावायचा नाही, मग मधल्या भागापासून सावकाश ढवळायचे. फुटून तेल वर आले तर एकेक चमचा कोमट दूध घालत ढवळा, जुळून येते. रात्रभर झाकून बाहेरच ठेवा, सकाळी श्रीखंडाइतके घट्ट झालेले असते, तेव्हा लावा. आधी पातळ हात, २० मिनिटे फ्रीज, मग जाड हात. पहिला हात दिला नाही तर केकचा चुरा बाहेरच्या थरात येतो आणि कितीही सारखे केले तरी खरखरीत दिसते.

आता तुम्ही लिहा.

शेवंती
बिनअंड्याचे निम्मे तरी करा ग. मार्गशीर्षातले गुरुवार त्याच दिवसांत येतात आणि आज्या लोक पहिले तेच विचारतात.

कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम, वितळलेले बटर ६० ग्रॅम, मैदा १४० ग्रॅम, बेकिंग पावडर १ सपाट टीस्पून, सोडा अर्धा सपाट टीस्पून, पाणी साधारण ७५ मिली, व्हॅनिला. ६ इंची डबा, १८० डिग्री, ३० ते ३५ मिनिटे. मैदा, पावडर, सोडा एकत्र तीनदा चाळा. सोड्याची गाठ राहिली की त्या जागी तपकिरी ठिपका आणि साबणासारखी चव. पाणी घातल्यावर फार फेटायचे नाही, मैद्याला चिवटपणा येतो आणि आत उभे बोगदे पडतात.

हा केक गार झाल्याशिवाय कापायला जाऊ नका, भुगा होतो. रात्री भाजून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, सकाळी आडवा कापा.

आणि सुऱ्या वेगळ्या!! अंड्याच्या केकची सुरी त्याच केकला. टेबलाची दोन टोके करा, बिनअंड्याच्या टोकाला हिरवी टिकली मोठी काढून लावा.

डिचोली_किचन
क्रीमवाल्यांसाठी एकच. क्रीम ज्या फ्रीजमध्ये ठेवणार त्यात उघडे बांगडे, सुंगटे (कोळंबी) नकोत. क्रीम आणि बटर वास धरतात. घट्ट झाकणाचा डबा, वरचा खण.

सुरंगी
@डिचोली, अगदी. बर्फाच्या पेटीचेही तेच. बाजारात मिळते ती मासळीची जुनी थर्माकोलची पेटी कितीही धुवा, वास जात नाही. नवी घ्या. बर्फ प्लॅस्टिकच्या बाटल्यांत गोठवा, सुटा घालू नका, नाहीतर पाणी साचून बॉक्सचा तळ लगदा होतो.

ओव्हन_ओव्हन
फॉन्डंटबद्दल (साखरेचा लाटता-वळता येणारा गोळा) कोणी लिहिले नाही म्हणून. शाळेच्या केकवर पुस्तके, पेन्सिली, फुटबॉल असे काहीतरी सगळ्यांना हवे असते. ते फॉन्डंटचे करायचे तर:

२५० ग्रॅम फॉन्डंटला १ टीस्पून सीएमसी पावडर (फॉन्डंट कडक वाळावा म्हणून घालतात ती) मळायची, झाकून तासभर ठेवायचे, मग आकार. उभ्या राहणाऱ्या वस्तू निदान ३ दिवस आधी. पंख्याखाली वाळवा, एका बाजूने वाळले की उलटा. फ्रीजमध्ये अजिबात नाही. बाहेर काढल्यावर गार वस्तूवर हवेतली वाफ बसते, साखर ती ओढून घेते, चकचकीत चिकट होते आणि रंग ओघळतो. कोरड्या डब्यात सिलिका जेलची पुडी कागदात गुंडाळून ठेवली तर चालते.

व्हिप्ड क्रीमवर फॉन्डंट थेट ठेवू नका. क्रीममधल्या पाण्याने खालून विरघळतो. गनाशवर बिनधास्त ठेवा. क्रीमवरच ठेवायचा असेल तर मागे वितळलेल्या चॉकलेटचा हात द्या आणि ठेवायचा तो स्टॉलवर गेल्यावर.

अख्खा केक फॉन्डंटने झाकण्याच्या भानगडीत फनफेअरला पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मेहनत चौपट आणि मुले तो सोलून कागदावर ठेवतात.

शेवंती
आणि जिलेटीन बघा हं. काही तयार फॉन्डंटमध्ये असते, मार्शमेलोत तर असतेच. हिरवी टिकली लावण्याआधी पाकीट वाचा.

मांडवीकाठ
वीज. ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) १२०० ते २००० वॅटचा असतो, घरच्या इन्व्हर्टरवर चालत नाही. पहिल्या २० मिनिटांत लाईट गेली तर दार उघडू नका, आतल्या उष्णतेवर जितके शिजेल तितके शिजू दे. १० मिनिटांत परत आली तर बहुतेक वेळा वाचतो. त्याहून जास्त गेली तर मध्ये खड्डा. असा केक टाकू नये. कुस्करून गनाशात कालवा, गोळे वळा, चॉकलेटात बुडवा, काडी लावा. मुलांचे सगळ्यात आधी तेच संपते.

गॅसवर करणाऱ्यांनी: जाड बुडाचा कुकर, रबर आणि शिट्टी काढून, तळाला मीठ, वर स्टँड. १० मिनिटे मध्यम आचेवर तापवून मग डबा आत, आच बारीक, ४० ते ४५ मिनिटे. वरून रंग येत नाही, पण सजवायचाच असल्याने अडत नाही.

कुंभारजुवे
रंग घरचा चालेल का? आमच्याकडे बिटाचा, आमसुलांचा करूया म्हणतायत.

ओव्हन_ओव्हन
आमसुलाचा रंग आंबटात लाल-गुलाबी राहतो, सोड्याशी गाठ पडली की निळसर, मळकट होतो. त्यामुळे केकच्या पिठात नको, वरच्या आयसिंगमध्ये घाला. आगळ (आमसुलांचा तयार रस) मिठाचे असते, ते नको. बिनमिठाची सोले (आमसुले) गरम पाण्यात भिजवून तो कोळ आटवा. २०० ग्रॅम आयसिंग शुगरला ५ ते ६ टीस्पून कोळ, ओतता येईल असे ग्लेझ होते. सुंदर फिकट जांभळट गुलाबी येतो आणि गोडाला किंचित आंबट लागते, ते फार छान. दुधाच्या क्रीममध्ये घालू नका, आंबटाने दाटते, फाटते.

बीट क्रीमला चालते, पण पाणी जास्त. पावडर वापरा.

कुंभारजुवे
देव बरें करूं!

सुरंगी
बाजारचे रंग वापरणार असाल तर जेल. पाण्यासारख्या रंगाने क्रीम सैल पडते. गडद लाल आणि काळा आदल्या संध्याकाळी कालवून ठेवा, रात्रीत आपोआप गडद होतो. लगेच गडद करायला गेलात तर रंग इतका पडतो की कडू लागतो आणि मुलांचे दात, ओठ, युनिफॉर्म सगळे लाल. काळ्यासाठी आधी कोको घालून तपकिरी करा, मग काळा थेंबभर पुरतो.

रवाळ
सजवलेले म्हणजे क्रीमच का? आपली बातीक (रवा-नारळाचा गोव्याचा केक) आहे की. रवा २५०, नारळाचा चव २५० (पाणी न घालता बारीक वाटून), साखर २५०, बटर १२५, अंडी ४, बेकिंग पावडर अर्धा टीस्पून, वेलची. बटर-साखर फेटून अंडी एकेक, मग रवा-खोबरे. रात्रभर मुरायला ठेवायचे, कारण रवा फुगला नाही तर दाताखाली कचकच येते. बेकिंग पावडर सकाळी, भाजायच्या आधी. १७० डिग्री, ४५ ते ५० मिनिटे.

वर मैद्याच्या पट्ट्यांची जाळी घाला, हीच सजावट. जाळीच्या चौकोनात एकेक काजू. ना फ्रीज, ना पेटी, संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी. मात्र ओले खोबरे आहे, परवाचा माल आज विकू नका.

डिचोली_किचन
बातीक पाहिजेच. आमच्या टेबलावर पहिली संपते ती हीच.

साखळीकर_बाय
कपकेक करणाऱ्यांनो, घरून सजवून नेऊ नका! साधे कपकेक डब्यात न्या, क्रीम भरलेल्या पायपिंग बॅगा बर्फाच्या पेटीत न्या, आणि गिऱ्हाईक समोर आले की त्याच्यापुढे फूल काढून द्या. मुले रांग लावून बघतात. बॉक्सला क्रीम लागायचा प्रश्न नाही आणि उरलेले कपकेक संध्याकाळी वाया जात नाहीत.

वन-एम नोझल (मोठी, चांदणीच्या तोंडाची), एका फुलाला ३० ग्रॅमच्या आसपास फेटलेली क्रीम. मधून सुरू करून बाहेर एक वेढा, की गुलाब. बाहेरून आत चढवत आणलात तर आइस्क्रीमचा कोन, त्याला दुप्पट क्रीम जाते. बॅग अर्ध्याहून जास्त भरू नका, हाताच्या उबेने मागची क्रीम पातळ होते. दोघांनी आळीपाळीने करा.

क्रीम नॉनडेअरी (दुधाची नव्हे, वनस्पती तेलाची), आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये. फेटताना थोडी बर्फाळ हवी, भांडे आणि पातीही गार. टोक उभे राहिले की थांबा. पुढे गेलात की दाणेदार होते, मग न फेटलेली गार क्रीम २-३ चमचे घालून हाताने हलकेच कालवा. टेट्रापॅकातली २५ टक्के फॅटची फ्रेश क्रीम फेटून उभी राहत नाही, ती फक्त गनाशला.

अबोली_फोंडा
साखळीकर ताई, कागदी वाट्या केकपासून सुटून येतात त्याचे काय?

साखळीकर_बाय
टिनमध्येच गार केले असणार. आत वाफ धरते. भट्टीतून काढल्यावर ५ मिनिटांत जाळीवर, आणि पूर्ण गार होईपर्यंत डबा बंद नको. पीठ दोन तृतीयांशच भरा. शिखर फुटत असेल तर ओव्हन जास्त तापलाय, १७० वर आणा.

मांडवीकाठ
न्यायचे कसे तेही लिहितो. गाडीच्या सीटला मागे उतार असतो, केक तिथे नको. पायाशी सपाट जागेत, खाली रबरी जाळीची चटई, एसी आधी १० मिनिटे. केक बोर्डला गनाशच्या ठिपक्याने चिकटवा. बॉक्स बोर्डाच्या मापाचाच हवा, मोठ्या बॉक्समध्ये बोर्ड सरकतो. दोन मजली असेल तर मजले वेगळे न्या, खालच्यात जाड स्ट्रॉ उंचीइतके कापून ४-५ रोवून ठेवा आणि जागेवर चढवा.

चोडणहून येणाऱ्यांनी फेरीबोटीच्या फळीवर चढता-उतरताना केक हातात धरावा. गाडी तिरकी होते तेव्हाच घसरतो.

तारीख ठरवतानाही बघा. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त (चर्चचा उत्सव), ८ ला पणजी आणि मडगाव दोन्हीकडे फेस्त. त्या रस्त्यांनी केक घेऊन निघणे म्हणजे उन्हात अडकणे. १९ ला मुक्तिदिनाची सुट्टी.

कुंभारजुवे
आमचा १३ ला आहे, तुमचा?

मांडवीकाठ
अजून कागद नाही आला.

हिशेबी_पालक
पैशांचे. सगळ्यात मोठा केक कापून विकू नका, "वजन ओळखा" ला ठेवा. २० रुपयांची चिठ्ठी, नाव आणि ग्रॅममध्ये अंदाज, जवळचा जिंकतो. रिकामा बोर्ड आधी वजन करून लिहून ठेवा, केक त्याच दिवशी सकाळी काट्यावर घाला, आकडा बंद पाकिटात मुख्याध्यापिकांकडे. आदल्या रात्रीचे वजन धरू नका, झाकला नाही तर ओलावा जाऊन काही ग्रॅम उतरतो आणि मग वाद होतात. बरोबरी झाली तर काय हे फळ्यावर आधीच लिहा. तंबोल्याच्या मध्यंतरात चिठ्ठ्या फिरवल्या की पटापट खपतात.

किंमत लावताना बॉक्स, बोर्ड, कागदी ताटल्या धरा, त्या नेहमी विसरतात. १ किलोच्या केकचे ८०-९० ग्रॅमचे ११-१२ तुकडे पडतात. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, मग काप. प्रत्येक कापानंतर पुसा.

सुरंगी
हुमले (मुंग्या) विसरलात सगळे! टेबलाचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत. टेबलक्लॉथ जमिनीला टेकला तर वाट्यांचा उपयोग नाही, वर पिनांनी खोचा.

शेवंती
@हिशेबी दादा, वजन ओळखाचा केक बिनअंड्याचाच करूया, म्हणजे कोणीही जिंकले तरी घरी नेता येईल. अबोली, ८ इंची डबा आहे का तुझ्याकडे? वरच्या मापाच्या दुप्पट पीठ बसेल, फक्त १७० वर ५० मिनिटे धर, आणि ३५ मिनिटांनी वरून फॉइल.

अबोली_फोंडा
आहे, ३ इंच उंचीचा. उद्या शाळेच्या गेटपाशी देते. तू भाज, गनाश माझ्याकडे. ५०० चॉकलेट, २५० क्रीम धरते.

शेवंती
६०० धर ग, कडेला नोझल मारायची आहे.